आधी डहाळी, मग मांडव

गेल्या रविवारी पोलादपूरजवळच्या एका वाडीत भाचीची हळद होती. वीर स्टेशनला गाडीतून उतरून, रिक्षा आणि मग जीप करत पोचले, तोवर डीजेवाला जेवायला बसला होता. तेवढ्या शांततेत काकी म्हणाल्या, "आता एक जुनं होऊन जाऊ दे गो..." आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मला हळदीचं एकच गाणं येतं, पणजीपासून आमच्या घरात आलेलं. "वर आंब्याची डहाळी..." असं म्हटलं आणि सवयीने थांबले. आमच्याकडे तिथे थांबायचंच असतं. आजी म्हणायची, श्वास घ्यायला.

पण त्या रिकाम्या जागेत मागून एक चिरका, म्हातारा आवाज आला... "अंगनी मांडव उभारिला."

ही ओळ मला आजीने सांगितलेल्या गोष्टीतून माहीत होती. आमच्या घरी गाण्यात मात्र ती कधीच कुणी म्हटली नव्हती.

गोष्ट पणजीची, भागीची. शंभर वर्षं होत आली असतील. मुंबईला जायला तेव्हा दासगावहून बोट होती आणि पणजोबा त्या बोटीने गिरणीत गेलेले. भागी वाडीत शेत बघायची आणि लग्नाकार्यात मागे उभी राहून गायची.

मागे म्हणजे खरंच मागे. गाणं सांगणारी ती पुढली, झेलणाऱ्या त्या मागल्या. पुढलीने अर्धी ओळ टाकायची, मागल्यांनी उरलेली उचलायची. पुढलीची ओळ दुसऱ्या कुणी तोंडात घ्यायची नाही, असा त्यांच्यातला मान होता. वाडीची पुढली गोदाकाकू. भागी इतकी वर्षं मागे राहिली, की तिचं नावच पडलं, मागली भागी.

भागीच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. दोघींना आई नव्हती, म्हणजे आईच्या जागी भागीच. आणि नेमका हळदीच्या सकाळी गोदाकाकूंचा गळा बसला... असा बसला की नुसती हवा.

नवऱ्याकडच्या बाया उष्टी हळद घेऊन दारात आल्या. इकडे सगळ्या गप्प. "मुक्यांच्या वाडीत आलो काय गो आपण?" तिकडून कुणीतरी टोमणा मारला. पाटावर बसलेल्या बहिणीचे डोळे भरले. हळद मुकी लागली, तर हे तिला सासरी जन्मभर ऐकावं लागणार होतं.

भागी पुढे झाली. तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते, "वर आंब्याची डहाळी..."

बिचारीला सगळी गाणी कानाने पाठ होती. जिभेला फक्त मागचा अर्धा भाग ठाऊक होता.

नवऱ्याकडच्या बाया खो खो हसल्या. "अगो, मांडव नाय तं डहाळी बांधलीस कशाला? डोस्क्याला?"

भागी तिथेच थिजली. तेवढ्यात गोदाकाकू तिच्या पाठीमागे जाऊन उभ्या राहिल्या आणि कसाबसा फुटका आवाज काढत म्हणाल्या, "अंगनी मांडव उभारिला." मग त्या बायांकडे वळून, "आमच्यात आधी हिरवं बांधतात, मंग खांब पुरतात. रीत हाय आमची!"

मग काय... सगळी हळद उलटी गायली गेली. आधी मागची ओळ, मग पुढची. बहीण हसत हसत हळदीने पिवळी झाली.

त्यानंतर भागीला बोलावणी येऊ लागली. पार कशेडी घाटाच्या पायथ्यापासून महाडपर्यंत. प्रत्येक ठिकाणी गोदाकाकू तिच्या मागे. महाडला एका वकिलांच्या घरी वकिलीणबाईंनी विचारलंच, "अहो भागीबाई, ओळी उलट्या कशा म्हणता हो?" भागी नुसती हसली म्हणे.

पुढे गोदाकाकू वारल्या आणि भागी एकटीच गायला लागली. मागे कुणालाच घेईना. वाडीत बोलायचे, मागली भागी पुढं गेली, आता तिला कोण मागं चालत नाय. आमच्या घरातही गोष्ट एवढीच होती. पणजी चुकली, मग तीच चूक धरून बसली आणि शेवटी जरा गर्व चढला... आम्ही हसायचो त्यावर.

तर परवाचा तो आवाज होता इंदूआजींचा. गोदाकाकूंच्या नातीचा. मी त्यांना आमच्या घरची ही गोष्ट सांगितली, तर त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली...

"चुकली? पयल्यांदा चुकली असंल. जलमभर कोन चुकतं गो?"

मग हळदीचं बोट माझ्या गालाला लावत म्हणाल्या, "माज्या आजीचा गळा परत आलाच नाय. भागी सरळ गायली असती, तं मागं आजीच्या वाट्याला गान्याचं शेपूट. पयली वळ आजीची व्हती ना जलमाची... ती भागीनं तिला ठेवली. माजी आय सांगायची."



म्हणजे एकटी गातानाही ती मधली रिकामी जागा भागीने भरली नव्हती. गोदाकाकूंची ओळ तिने ना स्वतः घेतली, ना दुसरीला दिली. आणि आम्ही तीन पिढ्या तिथे श्वास घेत बसलो होतो.

डीजेवाला हात पुसत परत आला. काकींनी त्याला हातानेच थांबवलं. इंदूआजी खुर्ची सरकवून माझ्या पाठीमागे येऊन बसल्या, अगदी मागे, न सांगता.

मी पुन्हा म्हटलं, "वर आंब्याची डहाळी..."

आणि थांबले. या वेळी त्यांच्यासाठी.