आधी त्याला पूरं बोलू द्या

वहिनींना मी शेवटचं भेटलो ते तुकोगंजातल्या एका हॉस्पिटलात. नाकात नळी, हाताला सलाइन आणि नजर माझ्याकडे नव्हे, समोरच्या भिंतीवर. कसं वाटतंय वगैरे विचारायला मी तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "भावोजी, त्या घड्याळाचा सेकंदकाटा काचेला घासतोय. ऐका." मी कान दिले. मला एसीची घरघर तेवढी ऐकू आली. इतक्यात सिस्टर आली, तर तिलाही तेच. "सिस्टर, वो घड़ी उतारो ज़रा, अभी करके देती हूँ." सिस्टर हसली, सलाइनचा थेंब बघितला आणि निघून गेली. वहिनींना त्याचा मनापासून राग आला. "या पोरीला वाटतंय म्हातारी बडबडतेय. मतलब, चाळीस वर्षं मी काय भाजी निवडत होते?" त्यानंतर दोनच दिवसांनी माझ्या पुतणीचा, अनघाचा, फोन आला. "काका, आई गेली..." फोन ठेवल्यावर मला पहिला विचार आला तो भलताच : ते घड्याळ तसंच घासत राहिलं असणार.

शालिनीवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादाचं तुकोगंजातल्या एका गल्लीत घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. लग्नानंतर काही वर्षांतच दादाच्या डोळ्यांनी दगा द्यायला सुरुवात केली. भिंग लावून यंत्र त्याला दिसायचं, पण काटे बसवताना हात चुकायचा. मग राजेंद्र नगरच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, वहिनी काटे बसवू लागल्या. लंबकाच्या घड्याळात मोठ्या काट्याला पुढून एक बारीक खीळ असते. ती चिमट्यानं ओढायची, मोठा काटा उचलायचा, धाकटा काटा जरासा फिरवत सैल करून बाहेर घ्यायचा. परत बसवताना दोघांमध्ये कागद जाईल एवढी फट राहिली पाहिजे. वरण उकळत असायचं आणि वहिनी वर्तमानपत्राची चिंधी काट्यांमधून सरकवून बघत असायच्या.

या कामापायी घरातलं बोलणंही काट्यांचंच झालं होतं. अनघाचं लग्न ठरलं तेव्हा पुण्याहून तिच्या सासरची मंडळी बैठकीला आली होती. वहिनी आतल्या खोलीत दुकानावरच्या पोराशी फोनवर बोलत होत्या, आणि त्यांचा आवाज काही नाजूक नव्हता. "जोशींचा काटा काल काढला. हो, एकदम साफ. कुलकर्ण्यांचा उद्या काढते. फार त्रास देतायत." बाहेर अनघाच्या होणाऱ्या सासूबाईंच्या हातातली कपबशी जागच्या जागी थांबली. दादा हसून हसून खोकायला लागला आणि खुलासा करायचं काम माझ्यावर आलं. पुण्याची माणसं हसली खरी, पण वहिनी चहा घेऊन बाहेर आल्या तेव्हा सगळे जरा सावरून बसले, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्यानंतर वर्षाच्या आत दादा गेला. तेराव्याला जमलेल्या नातेवाइकांनी एकमतानं ठरवलं की दुकान विकावं आणि वहिनींनी घरी बसून शिकवण्या घ्याव्यात. वहिनींनी सगळ्यांना लाडू वाढले आणि चौदाव्या दिवशी जाऊन शटर उघडलं. पण शटर उघडणं वेगळं आणि गिऱ्हाईक येणं वेगळं. माणसं यायची, गल्ल्यामागे बाई बघून घड्याळ परत पिशवीत घालायची. "भाभीजी, भिया कब आएँगे?" "भिया गए. मैं हूँ. बैठो." लोक बसत नसत. "बाद में आते हैं" म्हणून जात, ते जातच. भंवरकुआंकडच्या क्लासेसची, परीक्षेला निघालेली पोरं तेवढी पट्टा बदलायला यायची. दुकान टिकणार की नाही, हा प्रश्न वहिनी कधी बोलून दाखवत नसत. पण संध्याकाळी शटर ओढल्यावर पाटीवरच्या दादाच्या नावाकडे त्या बघत उभ्या राहायच्या, तेव्हा तो प्रश्न मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचा.

अशात आमच्या मराठी मंडळाच्या घड्याळाचा विषय निघाला. राजेंद्र नगरातल्या आमच्या सभागृहात भिंतीवर एक थोराड, ठोक्यांचं घड्याळ आहे. ते रोज चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास बंद पडायचं. ढकललं की चालायचं, पुन्हा फिरून त्याच जागी आलं की उभं. सगळी कॉलनी त्याला 'चारसौबीस' म्हणायची. दोन कारागीर येऊन तेलपाणी करून गेले होते आणि यंत्र म्हातारं झालं असं सांगून गेले होते. मी तेव्हा मंडळाचा सचिव होतो. आतलं यंत्र काढून बॅटरीचं बसवायचं, असं सभेत ठरतच आलं होतं, तर मागच्या रांगेतून वहिनी उभ्या राहिल्या. "गणपतीपर्यंत माझ्याकडे द्या. नाही चाललं तर बॅटरी मीच बसवून देईन, आणि दुकानाची पाटीही उतरवीन." मी ते इतिवृत्तात लिहून घेतलं. घरी येताना मी म्हटलं, "वहिनी, पाटीचं कशाला बोललात?" तर म्हणाल्या, "मग काय बोलू? तशीही ती उतरतेच आहे की, यार. निदान माझ्या हातानं उतरेल."

दुसऱ्या दिवशी पदर खोचून त्या शिडीवर चढल्या. खाली शिडी धरायला मी, आणि बघायला अर्धी कॉलनी. यंत्राला त्यांनी हातच लावला नाही. भिंतीला गाल टेकवून बाजूनं बघत राहिल्या. मग वरूनच ओरडल्या, "सगळे समोरून बघतायत. समोरून काय दिसणार, टाइम दिसणार!" गळक्या छतामुळे पत्र्याची तबकडी चार आणि पाचच्या मध्ये गंजून फुगली होती. धाकटा काटा तिथं आला की वर उचलला जायचा आणि वरून जाणारा मोठा त्याला अडायचा. वहिनींनी दोन्ही काटे काढले, मोठ्याला मुठीत धरून अंगठ्यानं किंचित बाक दिला, परत बसवले, मध्ये चिंधी सरकवून पाहिली. मग खाली उतरल्या, चहा मागवला आणि सभागृहात ठाण मांडून बसल्या. चार-वीस झाले. मोठा काटा धाकट्याच्या अंगावरून सरळ पुढे गेला. कुणीतरी टाळी वाजवली. वहिनी म्हणाल्या, "थांबा. पहाटेचे चार-वीस अजून बाकी आहेत."

पहाटेचेही गेले. गणपती आले, आरतीच्या वेळी घड्याळानं ठोके दिले आणि त्याच आठवड्यात दुकानात माणसं बसायला लागली. पाटी उतरली नाही, उलट दादाच्या नावाखाली वहिनींचं नाव रंगवून आलं. नम्रपणाचा वहिनींना सरावच नव्हता. पेंटरला त्यांनी बजावलं होतं, "साइज़ बराबर रखना. छोटा मत करना." तेव्हा मला हसू आलं होतं. आज त्या अक्षरांचा मला जितका अभिमान वाटतो, तितका माझ्या बँकेतल्या नोकरीचा कधी वाटला नाही.

तेव्हापासून ते घड्याळ त्यांचं झालं. चावी त्याच देणार आणि ठोके चुकले तर त्याच बघणार. त्याचा त्यांचा एक नियम होता. काटे दाखवतायत पाच आणि ठोके पडतायत आठ, असं झालं तर ठोक्यांना दामटायचं नाही. घड्याळ आठ म्हणतंय ना, मग धाकटा काटा आठवर न्यायचा आणि तिथून मोठा काटा फिरवत खऱ्या वेळेवर आणायचा. उलटं कधीच फिरवायचं नाही, आणि वाटेतल्या प्रत्येक तासाला थांबायचं. "घाई नाही करायची, भावोजी. आधी त्याला पूरं बोलू द्या." माणसांचं बोलणं वहिनींनी जन्मात कधी पुरं होऊ दिलं नाही. घड्याळाचं मात्र होऊ देत. सभेत पहिल्या रांगेत बसायच्या आणि ठोके सुरू झाले की वक्त्याकडे बघून तर्जनी वर करायच्या. वक्ता कुणीही असो. एकदा तर भोपाळहून आलेले मोठे पाहुणे भाषणाच्या ऐन रंगात होते. बोट वर झालं, पाहुणे थांबले, आणि बारा ठोके होईपर्यंत थांबले.

गेल्या आठवड्यात त्याच सभागृहात वहिनींची शोकसभा झाली. त्या आजारी पडल्यापासून घड्याळाला चावी नव्हती. सभेला बंद घड्याळ बरं दिसत नाही म्हणून सकाळी कुणीतरी चावी दिली आणि काटे उलटे फिरवून वेळ लावली. हेतू चांगला होता. अध्यक्ष बोलायला उभे राहिले, पाच वाजले आणि घड्याळानं आठ ठोके दिले. मागं कुणी तरी खुदकन हसलं. अध्यक्ष हळहळून म्हणाले, "आता कोण बघणार हे... राहू द्या, लंबक थांबवा. पुढच्या सभेत बॅटरीचं बघू."

अनघा पहिल्या रांगेत, आईच्या खुर्चीवर बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी उठलो. गुडघे कुरकुरत असताना स्टुलावर चढलो, काच उघडली. आयुष्यात मी कुठल्याही घड्याळाच्या काट्याला हात लावला नव्हता, फक्त शिडी धरली होती. धाकटा काटा हळूच आठवर नेला. मग मोठा काटा पुढे फिरवत बारावर आणला. नऊ ठोके पडू लागले. अध्यक्ष पुन्हा बोलायला लागणार, तेवढ्यात माझं दुसऱ्या हाताचं बोट आपोआप वर झालं. ते थांबले. मग दहा. मग अकरा. बाराच्या वेळी अध्यक्ष खाली बसले. मग एक, दोन, तीन... भरलं सभागृह, पण कुणी उठलं नाही, कुणी घड्याळाखेरीज काही ऐकत नव्हतं. चारनंतर मी काटा आणखी हळू फिरवला. फुगलेल्या तबकडीवरून मोठा काटा अलगद पुढे गेला, कुठंही न अडता.

पाचवा ठोका पडून त्याचा नाद विरला. मग मी बोट खाली केलं.