चित्रात नसलेला इंब्रो

रोझिका गावच्या शाळेत स्वयंपाकीण होती. आठवडाभर पोरांसाठी घेवड्याचं सूप ढवळायचं आणि शनिवार-रविवारी काचेवर चित्रं काढायची. गावात कुणाला त्याचं नवल नव्हतं. द्रावा नदीच्या काठच्या त्या गावांत काचेवर रंगवायचं वेड घरटी एकाला तरी असतंच. कुणी गवंडी, कुणी गवळी, कुणी पोस्टातला, हिवाळा लागला की सगळे टेबलाशी. त्यांतल्या फार थोड्यांची चित्रं बघवतात. रोझिकाची बघवत. ती स्वतः त्यांना 'बरी' म्हणे, तिचा नवरा इंब्रो 'फर्मास' म्हणे, आणि कूमा यालझा म्हणे, "माणसं ओळखू येतात, तेवढं पुरे." कूमा म्हणजे रोझिकाच्या लेकीच्या बाप्तिस्म्यात तिला मांडीवर घेऊन बसलेली बाई. नात्यानं बहिणीसारखी, आणि तोंडानं सासूला मागे टाकणारी.

काचेचं काम उलटं असतं. मागच्या बाजूनं रंगवायचं आणि पुढून बघायचं. त्यामुळे जे सगळ्यांत पुढे दिसायला हवं ते सगळ्यांत आधी काढावं लागतं. बटणं आधी, कोट नंतर. पापण्या आधी, डोळा नंतर. मग झाडं, मग नदी, आणि आकाश शेवटी. एकदा आकाश फासलं की खेळ खलास, त्यानंतर कुणी आठवलं तर त्याला जागा नाही. कागदावर काढणारे चुकलं की वरून रंग मारून मोकळे होतात, त्यांचं बरं आहे. रोझिकाच्या अगदी पहिल्या चित्रात कावळे राहून गेले होते. बर्फ रंगवून झाल्यावर तिला आठवले, तिनं हौसेनं काढले, आणि काच उलटून बघते तर नुसता पांढरा बर्फ. ते कावळे अजून तिथेच आहेत, बर्फाच्या पाठीमागे, कुणाच्या बापाला न दिसलेले.

काच आणायचं काम इंब्रोचं. तो रेल्वेत सांधेवाला होता, आता घरी बसला होता, म्हणजे खरं तर कधीच बसत नव्हता. गावभर लाकडी खिडक्या काढून प्लास्टिकच्या बसवायची टूम निघाली होती. जिथे खिडकी निघे तिथे इंब्रो हातगाडी घेऊन हजर. जुनी काच जराशी उंचसखल असते, तिच्यावर रंग छान बसतो. तो ती कापायचा, राखेनं घासायचा, रोझिकापुढे ठेवायचा, आणि चित्र झालं की चौकट ठोकून द्यायचा.

रविवारी चर्च आणि कोंबडीचं सूप आटोपलं की दोघं जुन्या गाडीतून भटकायला निघत. कधी द्रावेच्या वाळूवर, कधी टेकडीवरच्या द्राक्षमळ्यांत, कधी कुठल्या तरी गावच्या जत्रेत. रोझिका घडीच्या स्टुलावर बसून पेन्सिलीनं भराभर टिपणं करायची आणि तिच्या पाठीशी इंब्रो मोठी छत्री धरून उभा राहायचा. ऊन असो की पावसाची भुरभुर. ऑगस्टात समुद्रावर गेले तरी हेच. सगळी दुनिया समुद्राकडे तोंड करून बसलेली आणि रोझिका समुद्राकडे पाठ करून पाइनच्या झाडांखाली लोळणाऱ्या लोकांचे पाय काढत बसलेली. "समुद्रात काय काढायचंय? आडवी निळी रेघ," असं ती म्हणे. एकदा एका बाईनं इंब्रोला छत्र्यांचं भाडं विचारलं. त्यानं गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "ही एकच आहे बाई, आणि ती जन्मभरासाठी गेली." रोझिकाला हा किस्सा फार आवडायचा. येईल त्या पाहुण्याला ती तो सांगे.

त्या वर्षी नोव्हेंबरात, संत मार्टिनच्या सणाला अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये तिच्या एकटीच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. मार्टिनच्या दिवशी नव्या द्राक्षरसाचा बाप्तिस्मा होतो. गावातलाच कुणी तरी खोटा बिशप बनून पिंपावर मंत्र म्हणतो आणि त्यानंतर तो रस दारू म्हणून प्यायला सगळे मोकळे. त्यामुळे गर्दीला तोटा नव्हता. मधल्या भिंतीवर 'द्रावेवरचा रविवार' हे मोठं चित्र होतं. हौशी चित्रकारांच्या मंडळानं ते वसंतातल्या जिल्हा प्रदर्शनासाठी निवडलं होतं. त्यात नावा होत्या, अकॉर्डियनवाला होता, पाद्रीबुवा होते, कुत्री होती, आणि अख्खं गाव होतं.

कूमा यालझा प्रत्येक चित्रात आधी स्वतःला हुडकत होती.

"ही मी. आणि ही पण मीच. अगं रोझिका, दर चित्रात मला आणखी जाड करतेस, मेले!"

"तूच होतेस गं, मी फक्त बघते," रोझिका म्हणाली.

"हे आमच्या ह्यांचं टक्कल. ही खाटकाची बायको, नाक बघा. हे पाद्रीबुवा." यालझा एकदम थांबली. "आणि इंब्रो कुठाय?"

"असेल की."

"कुठे? दाखव!"

झालं, सगळ्या हॉलला तो खेळच सापडला. पेले हातात घेऊन माणसं भिंतीपाशी वाकून इंब्रोला शोधायला लागली. एक जण ओरडला, "सापडला! ही त्याची टोपी!" टोपी इंब्रोचीच होती, पण तिच्याखालचं डोकं खाटकाचं निघालं. रोझिकानं नमुन्याला टोपी घेतली होती. कुणी म्हणालं, इंब्रोच्या घरची बकरी मात्र तीन चित्रांत आहे. लोक हसून हसून बेजार झाले.

इंब्रो जगमधून दारू ओतत होता. तो म्हणाला, "मी आहे ना. आकाशाच्या मागे. तिनं आकाश जरा लवकर मारलं, एवढंच."

पुन्हा हशा पिकला. रोझिकाही हसली. पण इंब्रोचे कान लाल झालेले तिला दिसले, आणि तो जग भरायच्या निमित्तानं बाहेर गेला तो बराच वेळ आत आला नाही.

घरी इंब्रोचं सगळं नेहमीसारखं चाललं होतं. काच कापायचं थांबवलं नाही, जेवण नावाजायचं थांबवलं नाही. पण रविवारी सूप झाल्यावर रोझिकानं स्टूल काढलं तेव्हा म्हणाला, "गुडघा धरलाय. तू यालझाला घेऊन जा."

पुढच्या रविवारीही गुडघा. त्याच्या पुढच्यालाही. मधल्या दिवसांत तोच गुडघा शेजाऱ्याच्या छपरावर चढून कौलं बदलत होता.

रोझिका यालझाबरोबर गेली. यालझानं छत्री धरली ती स्वतःच्याच डोक्यावर, आणि तोंडाचा पट्टा जो सोडला तो परत येईपर्यंत आवरला नाही. रोझिकानं एक रेघ काढली नाही. घरी येऊन तिनं स्टूल भिंतीवर आपटलं.

"काय ते एकदाचं बोल! रुसायचं वय आहे का तुझं?"

"रुसलो कुठे?"

"मग गुडघ्याचं नाटक कशाला? लोकांनी थट्टा केली, मी केली का?"

इंब्रो बटाटे सोलत होता. सोलता सोलताच म्हणाला, "थट्टेचं काही नाही गं. थट्टा होतच असते."

"मग?"

"सुरुवातीला मी बघायचो. नवं चित्र झालं की चौकट ठोकायच्या आधी बघायचो, आहे का म्हणून. दर वेळी. मग म्हटलं, असू दे, आणि बघायचं सोडून दिलं." त्यानं बटाटा पाण्यात टाकला. "ते मी विसरूनसुद्धा गेलो होतो. यालझानं आठवण करून दिली."

रोझिका खुर्चीवर बसली. ती इतकी वर्षं समजत होती की हा माणूस सगळ्यांत जास्त चित्रात आहे. काच त्याची, चौकट त्याची, गाडी त्याची. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली, आणि त्याहून भीती. हा आता परत कधीच पाठीशी येऊन उभा राहिला नाही तर?

शनिवारी सकाळी तिनं 'द्रावेवरचा रविवार' चौकटीतून काढलं, टेबलावर पालथं घातलं, आणि दाढीचं पातं घेतलं. पुढच्या नावेशेजारी थोडी मोकळी वाळू होती. तिथे तिनं मागून खरवडायला सुरुवात केली. आधी आकाश गेलं, मग पलीकडच्या काठची पॉपलरची झाडं, मग पाणी, मग वाळू. एकेक थर भुकटी होऊन टेबलावर पडत होता. दुपारपर्यंत गर्दीच्या मधोमध चित्रातल्या एका माणसाएवढं भगदाड झालं, नुसती स्वच्छ काच.

इंब्रो सरपण घेऊन आत आला आणि बघतच राहिला. "अगं बाई! हे जिल्ह्याला जायचं होतं!"

"जाईल नाहीतर राहील."

"वेड लागलंय तुला. कडा दिसणार. जोड दिसणार."

"दिसू देत. लाकडं ठेव खाली आणि खिडकीपाशी उभा राहा. तिथे नाही, माझ्या समोर."

इंब्रो उभा राहिला. हातांचं काय करावं ते त्याला कळेना. आधी खिशात घातले, मग मागे बांधले, मग टोपी काढून ती धरली. "हसू का?"

"नको. गप उभा राहा."

रोझिकानं बारीक कुंचला ओला केला आणि वर पाहिलं. पाद्रीबुवांचा जबडा तिला झोपेत काढता आला असता, यालझाची हनुवटी डोळे मिटून. दर वर्षी सगळ्या गावाला तिनं थोडं थोडं म्हातारं केलं होतं, पिकलेले केस चुकवले नव्हते, पडलेले दात चुकवले नव्हते. आणि हा माणूस तिच्या पाठीमागे उभ्या उभ्या म्हातारा होऊन गेला होता. भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. डाव्या डोळ्याची पापणी खाली ओघळली होती. हे कधी झालं? तिचे डोळे भरून आले आणि समोरचा चेहरा पाण्यात गेल्यासारखा झाला. तिनं बाहीनं डोळे पुसले, पुन्हा बघितलं, आणि बघतच राहिली.

इंब्रोला ते इतका वेळ बघणं सोसवेना. "अगं, कर की सुरू. कुठून करणार?"

"सुरकुत्यांपासून. त्या आधी काढाव्या लागतात, चेहरा मागून."

इंब्रोनं टोपी दुसऱ्या हातात घेतली. "मग लागेल वेळ," तो म्हणाला.

"लागू दे," रोझिका म्हणाली, आणि त्याच्या डोळ्याशेजारची पहिली रेघ काढली.