वरचे पंचवीस सीसी

"ओढतंय ना?"

कुणीही भेटलं की ऑफिसातले माझे शेजारी हेच विचारायचे. कसं काय, बरं आहे ना, जेवलात का, असलं काही नाही. ऑफिसात नवा प्रिंटर आला, त्याच्यावर तळहात ठेवून "ओढतंय ना?" माझ्या नवऱ्याची बायपास झाली तेव्हा हॉस्पिटलात येऊन पलंगाच्या कठड्यावर तसाच तळहात ठेवला आणि त्यालाही तेच विचारलं. नवरा टाके दुखेपर्यंत हसला. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आधी डोक्यात जातात आणि मग काही केल्या डोक्यातून जात नाहीत.

आमचं ऑफिस या परदेशी बेटाच्या दक्षिण टोकाला, हार्बरफ्रंटला, जहाजांच्या सुट्या भागांचं. मी कागदपत्रं बघायचे, ते शेजारच्या टेबलावर इंजिनं. मूळचे सांगलीचे. सांगलीला समुद्र कुठला हो, असं मी पहिल्याच आठवड्यात चिडवलं, तर म्हणाले, नव्हता म्हणून तर शोधत निघालो. बारा वर्षं जहाजावर इंजिनिअर होते. मुलगी झाली आणि तिला बाप दिसावा म्हणून किनाऱ्यावर नोकरी धरली. संसार मात्र टिकला नाही. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. घटस्फोटानंतर रेवा आणि तिची आई बेटाच्या वरच्या अंगाला, बुकित पंजांगला राहिल्या, आमच्याच ब्लॉकमध्ये, माझ्या दोन मजले खाली. ते तेलोक ब्लांगाला एका भाड्याच्या खोलीत, ऑफिसपासून दहा मिनिटांवर.

त्यांच्या वाट्याला एकच गोष्ट आली होती, सकाळी रेवाला शाळेत सोडणं. एरवी महिन्यातला एखादा रविवार मिळाला तर मिळाला. म्हणून हा माणूस रोज पहाटे उठून मोटरसायकलवरून उलट्या दिशेने बुकित पंजांगला यायचा, रेवाला मागे बसवून बुकित तिमाहच्या शाळेत सोडायचा आणि मग पुन्हा हार्बरफ्रंटला. अख्ख्या बेटाचा द्राविडी प्राणायाम, पंधरा मिनिटांसाठी. ऑफिसात सगळे हसायचे. मीही हसायचे, खोटं कशाला बोलू?

इथे दहा वर्षांच्या आतल्या मुलाला मोटरसायकलवर मागे बसवता येत नाही. रेवाच्या दहाव्या वाढदिवशी केकच्या आधी हेल्मेट आलं होतं. तेव्हा घर एकच होतं. आता ती चौदाची झाली, ताडमाड वाढली, आणि गाडी तीच, एकशे पंचवीस सीसीची. हिलव्ह्यूच्या चढावर ती रडतखडत जायची. मागचे लॉरीवाले हॉर्न मारायचे. रेवाला दोनदा उशीर झाला, गेटवर नाव लिहून घेतलं, तेव्हा तिच्या आईने सांगितलं की आता तिसऱ्यांदा झालं तर ती बसने जाईल. तिचंही काही चुकलं नव्हतं. पण त्या दिवशी ते ऑफिसात आले ते चेहरा पाडूनच.

मग सुरू झालं इंजिनपुराण. सिलिंडर मोठा, पिस्टन मोठा, एकशे पंचवीसची एकशे पन्नास करायची. हॉकर सेंटरमध्ये जेवायला बसलो की टिश्यू पेपरवर पिस्टन काढून दाखवायचे. माझा भात गार व्हायचा आणि मी व्यास ऐकत बसायचे. एकदा वैतागून म्हटलं, अहो, दुसरी मोठी गाडीच घ्या ना. तर म्हणाले, या सीटवर तिची बसायची जागा ठरलेली आहे, वहिनी.

इथे इंजिनाचा आकार वाढवायचा म्हणजे आधी परवानगी. दोन अर्ज परत आले. गॅरेजवाला म्हातारा चिनी त्यांना सांगत होता, पुलापलीकडे जोहोरला जा, एका दिवसात करून देतात, कोण बघतंय? ते एवढंच म्हणाले की मागे माझी मुलगी बसते, आणि तिसरा अर्ज भरायला घेतला. गाडी ओढत नाही, असं ते दिवसभर म्हणायचे. ओढ कुणाला होती ते आम्हाला दिसत होतं.

परवानगी आली ती वर्षाच्या शेवटी, शाळेच्या मोठ्या सुट्टीत. योग्य वेळ साधली म्हणून लहान मुलासारखे खूश झाले. सुट्टीत इंजिन उतरवलं, सुट्टी संपता संपता बसवलं. त्याच आठवड्यात आमच्या बुकित पंजांगपासून नवी निळी एमआरटी, म्हणजे मेट्रो, सुरू झाली, थेट बुकित तिमाहवरून जाणारी. लोक सेल्फी काढायला गर्दी करत होते. आमच्या कुणाच्या मनात काही आलं नाही.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या शुक्रवारी ते माझ्या टेबलापाशी आले. नवा पिस्टन आहे, म्हणाले, पहिले हजार किलोमीटर सांभाळून चालवायची, मागे वजन द्यायचं नाही. पण देऊ का? हळूच नेईन तिला. माणसाला हो हवं होतं, हे मला दिसत होतं. तरी मी शहाणपणा केला.

"दोन-तीन आठवडे ट्रेनने जाऊ दे की," मी म्हटलं. "पहिल्या दिवशी मी नेते. कुठे पळून जातेय का ती?"

हे मीच म्हटलं. आजही भांडी घासताना आठवतं आणि स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

सोमवारी मी रेवाला घेऊन गेले. प्लॅटफॉर्मवर तिच्या वर्गातल्या दोघी भेटल्या आणि दुसरं स्टेशन यायच्या आत ती मला विसरली. उतरताना "बाय, आंटी" म्हणाली, तेवढंच. मला बरंच वाटलं. ऑफिसात जाऊन सांगितलं, मजेत गेली. बोलत होती का, त्यांनी विचारलं. हो, अखंड. काय बोलत होती? मी म्हटलं, मला काय माहीत, मैत्रिणींशी बोलत होती. ते मान हलवून जागेवर जाऊन बसले.

पुढचे तीन आठवडे एकटेच बेटाला चकरा मारत होते, चाळिसाच्या वर काटा नाही. शेवटच्या आठवड्यात तर मागच्या सीटवर तांदळाच्या पिशव्या बांधल्या. आधी दहा किलो, मग वीस, मग तीस, असं करत रेवाच्या वजनापर्यंत. तो तांदूळ नंतर ऑफिसात वाटला. आमच्याकडे तो एप्रिलपर्यंत पुरला.

मग एका सोमवारी रेवा पुन्हा मागे बसली. मी स्वयंपाकघरातून वाकून पाहिलं. दुपारी जेवताना मीच विचारलं, काय, ओढतंय ना?

"चौथ्या गिअरवर चढली, वहिनी," ते म्हणाले. "हिलव्ह्यूचा चढ आला कधी, गेला कधी."

मग आनंदाची बातमी की, मी म्हटलं. ते भात नुसता कालवत होते. मग सांगू लागले. आधी चढावर गाडी हळू व्हायची, वारा कमी व्हायचा, तेव्हा रेवा पुढे सरकून त्यांच्या खांद्यापाशी तोंड आणायची आणि सगळं सांगायची. परीक्षा, भांडणं, आई काय म्हणाली, कोणती टीचर आवडत नाही. खाली उतार लागला की गप्प.

"दोन मिनिटं मिळायची. सगळं ती चढावरच बोलायची. मला ते कळलंच नाही हो. आज काही ऐकूच आलं नाही."

शाळेच्या गेटपाशी हेल्मेट काढून तिने इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हटलं, बाबा, सो फास्ट लाह. आणि लगेच, उद्या मी ट्रेनने जाऊ, कॅन? सगळ्या वाट बघतात माझी.

"मी म्हटलं, कॅन."

पोरीचा काय दोष? चौदा वर्षांची मुलगी मैत्रिणींबरोबर जाणार नाही तर काय करणार? पण आम्ही तिची सवय तीन आठवड्यांत स्वतःच्या हाताने मोडली होती, आणि त्यातला अर्धा हात माझा होता.

तरी पुढचे काही दिवस ते ब्लॉकखाली येऊन थांबायचे, न जाणो पाऊस आला तर, तिला उशीर झाला तर. रेवा हात हलवून स्टेशनकडे पळायची. मी वरून बघायचे. खाली जाऊन चहाला बोलवावं असं रोज मनात यायचं, आणि मी गेले नाही.

त्याच वर्षी जहाजांचा धंदा बसला. आमच्याकडचे निम्मे लोक कमी केले, त्यात ते होते. पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, त्यांना कधी मिळाली नव्हती, नोकरी गेली की कामाचा पासही गेला. महिन्याभरात सांगलीला परतले. तिथून सुरुवातीला फोन यायचे, मग तेही थांबले.

जायच्या आठवड्यात एका सकाळी ते मला ट्रेनमध्ये दिसले. गाडीवरचा माणूस ट्रेनमध्ये, म्हणून मी त्यांना पटकन ओळखलंच नाही. रेवा पुढच्या डब्यात मैत्रिणींच्या घोळक्यात होती, हसत होती. ते गर्दीच्या आडून, तिला दिसणार नाही असे, दाराशी उभे राहून तिच्याकडे बघत होते. तिचं स्टेशन आलं, ती उतरली, एस्केलेटरवरून वर गेली. ते उतरले नाहीत. दार लागलं. मी त्यांच्याजवळ सरकले. त्या शुक्रवारचं बोलायचं होतं, माफी मागायची होती, कधीपासून जुळवून ठेवलेलं सगळं ओठांवर आलं होतं. त्यांनी मला बोलू दिलं नाही.

"छान आहे हो ही ट्रेन," ते म्हणाले. "चढ लागला ते कळतसुद्धा नाही."