माईंच्या डोक्यावर राहिलेली बॅटरी

बदलापूरच्या मांजर्लीत कोणालाही विचारा, सुमेध सोसायटीत चौथ्या मजल्यावर पाणी कोणामुळे चढतं. राजरत्नमुळे. शाळा नववीपर्यंत, पण अंबरनाथच्या एमआयडीसीत मोटर जळली की मालक आधी देवाचं नाव घेतो, मग राजरत्नला फोन लावतो, आणि घाईत असला तर देवाला वगळतो. वीस वर्षं तो मोटरी वाइंड करतोय. तांब्याची तार बोटात धरून तिचा गेज, म्हणजे जाडी, सांगतो. इंजिनियर लोक मोजून बघतात आणि तोच आकडा लिहून घेतात.

असला माणूस डोक्याला बांधायच्या एका बॅटरीपुढे हरला होता, आणि तेही सख्ख्या बहिणीच्या कपाळावर.

बहीण यशोधरा. एमएस्सी झालेली, औषधाच्या कंपनीत लॅबमध्ये. तिला धावायचा नाद. सुट्टी मिळाली की डोंगर. चंदेरी किल्ल्याच्या पायथ्याला दर वर्षी एक शर्यत होते, एकवीस किलोमीटर, पहाटे चारला सुटते. नियम एकच कडक: उजाडेपर्यंत कपाळावरची बॅटरी चालू पाहिजे. विझली की बाद.

गेल्या वर्षी ती बॅटरी राजरत्नने स्वतः बनवली होती. बाइकचा एलईडी, हेल्मेटचा पट्टा, आणि पाठीवरच्या सॅकमध्ये यूपीएसची बॅटरी. उजेड असा की शेतातले कोंबडे आरवायला लागले. तिसऱ्या किलोमीटरला यशोधरा फांदीखालून वाकली, वायर अडकली, दिवा गेला. तिला आयोजकांच्या टेम्पोत बसवून आणलं. घरी आली, आंघोळ केली, जेवली. काही बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर राजरत्न वर्षभर नीट झोपला असता.

या वर्षी नाव नोंदवलं आणि ती म्हणाली, "दादा, या वेळी बॅटरी मी ऑनलाइन मागवते."

"का? मी मेलो काय?"

"मेला नाहीस म्हणूनच मागवते."

"यशे, आठ दिवस दे. या वेळी धोका झाला तर आयुष्यात परत तुला काही आणून देणार नाही. टाचणीसुद्धा नाही."

"लिहून दे."

राजरत्नने कॅलेंडरच्या पाठीमागे लिहून दिलं आणि सही केली. यशोधराने तो कागद फ्रिजला चुंबकाने लावला. आता पाणी प्यायला गेलं तरी तो कागद समोर. टाचणीसुद्धा नाही. बहिणीला काही आणून द्यायचं नाही, तर मग मोठा भाऊ व्हायचं कशाला?

दुसऱ्या दिवशी तो उल्हासनगरला जयदेव साईंच्या दुकानात. कंपनीसाठी बेअरिंग इथूनच नेतो, त्यामुळे खुर्ची मिळते.

"साईं, डोक्याची बॅटरी दाखव. भागने के वास्ते."

"किससे भागना है?"

"बहीण धावते आपली. डोंगरात."

जयदेवने डबा पुढे सरकवला. वर उजेडाचं माप छापलेलं, नव्वद हजार लुमेन.

"सूरज को कितना होता है?" राजरत्नने विचारलं.

"सूरज का वारंटी नहीं है साईं. इसका छे महिना है."

राजरत्न असा फसणारा नव्हे. "भर दुपारी उजेडात उजेड कसा बघू? अंधार दाखव."

जयदेव उठला आणि त्याने शटर खाली ओढलं. आत मिक्सरचं भांडं घ्यायला आलेल्या एक बाई होत्या, त्याही कोंडल्या. अंधार झाला, आणि नव्वद हजार पेटले. तिघंही आंधळे झाले.

"अहो, माझं भांडं कुठंय?" बाई म्हणाल्या.

"तुमच्या हातात आहे, ताई," राजरत्न म्हणाला.

"हातात आहे ते कळतंय. दिसत का नाही?"

राजरत्नने तीन बॅटऱ्या घेतल्या. एक ती नव्वद हजारवाली. एक निळी, तिला सात प्रकारचा उजेड. आणि तिसरी जयदेवने गल्ल्याखालून काढलेली, लिंबाएवढी, काळी, डब्यावर काहीच मोठं छापलेलं नाही. "ये कोई नहीं लेता," तो म्हणाला. "देखने में गरीब है."

तीनच का, तर सोसायटीचे चेअरमन विष्णुपंत. फॅक्टरीत ऑफिसर होते, रिटायर झाले. त्यांच्या राज्यात नळाची तोटी बदलायची तरी तीन कोटेशन लागतात. राजरत्नला वाटलं, या वेळी पद्धतीनेच होऊ दे, म्हणजे यशोधराला बोट ठेवायला जागा नको.

"टेस्टिंगशिवाय निर्णय नाही," विष्णुपंत म्हणाले. "खरा अंधार लागेल."

खरा अंधार बदलापुरात कुठे मिळतो? सगळीकडे टॉवर आणि त्यांच्या लाइटी. पण रविवारी सोसायटीची खालची पाण्याची टाकी धुवायची होती. टाकी रिकामी झाली आणि टाकी धुणाऱ्यांना चहाला पाठवून राजरत्न आणि विष्णुपंत शिडीने आत उतरले, कपाळावर एकेक बॅटरी बांधून.

नव्वद हजारवाली अकरा मिनिटांत गेली. त्यातही पहिली पाच मिनिटं विष्णुपंतांना भिंत सोडून काही दिसलं नाही आणि मानेत उसण भरली. निळीचं बटण दाबलं तर ती लुकलुकायला लागली, आणि ती लुकलुक राजरत्नसारख्या माणसालाही बंद करता आली नाही. वरून वॉचमन ओरडला, "काका, टाकीत वरात चाललीय का?"

"तिसरी आणा," विष्णुपंत म्हणाले.

तिसरी नव्हती. जिन्यात नाही, सॅकमध्ये नाही, विष्णुपंतांच्या टेबलावर नाही. दोघं वर आले आणि बिल्डिंगभर शोधाशोध झाली. विष्णुपंतांच्या बायको, माई, सगळ्यांत जास्त चिडल्या. "एवढीशी वस्तू सांभाळता येत नाही? सकाळी मीच पाहिली होती. पुरुषांना दिलं की हरवलं." त्या मांजर्लीच्या बाजारात जाऊन मेथी घेऊन आल्या होत्या, आता पिशवी धरून जिन्यातच भांडत होत्या.

राजरत्न त्यांच्या कपाळाकडे बघत उभा राहिला.

"माई, डोकं."

"डोकं तुमचं फिरलंय."

"नाही, बॅटरी. तुमच्या डोक्यावर आहे. चालू आहे."

सकाळी आठला माईंनी तांदूळ निवडायला ती बांधली होती, मोतीबिंदू झाल्यापासून खडे दिसत नाहीत म्हणून. त्यानंतर पूजा केली, बाजार केला, भाजीवाल्याशी घासाघीस केली. भाजीवाल्याला वाटलं काहीतरी डॉक्टरी असेल. आता एक वाजला होता. पाच तास ती बॅटरी डोक्यावर होती, पेटलेली होती, आणि माईंना पत्ता नव्हता.

विष्णुपंतांनी हातातली टेस्टिंगची वही मिटली. "विषय संपला."

राजरत्नला मात्र रात्रभर चैन पडेना. भावाने दिलेली वस्तू कशी दिसली पाहिजे, चार लोकांनी विचारलं पाहिजे, कुठून आणली? आणि ही लिंबाएवढी. पण तो कारागीर माणूस. जी मोटर चालू आहे हे आवाजावरून कळत नाही, तीच नीट बांधलेली मोटर, हे तो हाताखालच्या पोरांना शिकवत आलाय. सकाळी त्याने बॅटरी पूर्ण चार्ज करून यशोधरासमोर ठेवली.

"एवढीच?" ती म्हणाली.

"एवढीच."

तिने एकदा फ्रिजकडे पाहिलं आणि बॅटरी सॅकमध्ये टाकली.

शर्यतीच्या पहाटे राजरत्न विष्णुपंतांना घेऊन पाठिंब्याला गेला. आठव्या किलोमीटरपाशी, वाटेपासून जरा वर, शेळ्यांच्या गोठ्याजवळ छान उंचवटा होता. यशोधराला लांबून दिसावं म्हणून दोघांनी उरलेल्या बॅटऱ्या बांधल्या. विष्णुपंतांनी लुकलुकणारी, राजरत्नने नव्वद हजार. शिवाय गेल्या वर्षीचा बाइकचा दिवा दुरुस्त करून काठीला लावला.

आयोजकांनी सगळ्या धावणाऱ्यांना सांगितलं होतं, जिथे दिवे उभे दिसतील तिथे वळा. हे या दोघांना कोणी सांगितलं नव्हतं.

पहिला गडी आला, दिवे पाहिले, वळला, चढ चढून थेट गोठ्यात. मागोमाग दुसरा. विष्णुपंत टाळ्या वाजवत होते, "शाब्बास, शाब्बास," आणि प्रत्येकाच्या हातावर जिरागोळी ठेवत होते. सात जण गोठ्यात गोळा झाले. शेळ्या उठल्या. "पुढे रस्ता कुठंय?" एकाने विचारलं. "आम्हाला काय माहीत," राजरत्न म्हणाला, "धावताय तुम्ही."

मग खालून आठवा दिवा आला. लहानसा, पण एका जागी धरलेला, ना हलतोय ना घसरतोय. यशोधरा. तिने वर पाहिलं. एक दिवा लुकलुकतोय, एक विझत चाललाय, एक काठीवर लोंबतोय. असे तीन दिवे एका जागी उभे करणारा माणूस दुनियेत एकच. तिने पायाशी झाडाला बांधलेली खुणेची फीत पाहिली. वाट सरळ होती. पुढे कोणी नव्हतं. गप्प राहिली असती तर पहिली आली असती.

ती थांबली आणि ओरडली, "ओ, खाली या सगळे. ते माझ्या घरचे आहेत."

सात जण खाली आले. त्यातले चार तिच्या पुढे निघून गेले. यशोधरा पाचवी आली, बायकांत पहिली. राजरत्न सांगतो ते वेगळं, आणि तेच बरोबर आहे: सात जणांना वाट दाखवून पाचवी आली. बॅटरी मध्ये एकदाही विझली नाही, हे तपासणाऱ्याने कागदावर लिहून दिलंय.

दहा वाजता ती घरी आली. पायाला चिखल, गळ्यात पदक. राजरत्नने चहा ठेवला. बॅटरी कशी होती, हे विचारायचं त्याच्या ओठावर होतं, पण मोठ्या भावाने विचारायचं नसतं. यशोधराने सॅक उलटी केली, पाण्याची बाटली, मोजे, केळ्याची सालं बाहेर काढली. मग सोफ्याखाली वाकली.

"दादा, बॅटरी राहिली वाटतं तिकडेच. माझ्या लक्षातच नाही कधी काढली."

ती बोलत होती तसा तिच्या कपाळावरचा उजेड सोफ्याखालून भिंतीवर, भिंतीवरून राजरत्नच्या तोंडावर फिरत होता. भर दिवसा तो फिकट दिसत होता, पण चालू होता.

राजरत्नने चहात साखर टाकली. जाता जाता फ्रिजवरचा कागद काढून खिशात घातला.

"शोध," तो म्हणाला. "मिळेल."