अकरा ओळींची जागा

"वाचणाऱ्याची ओळ सुटेल, जुळवणाऱ्याची सुटायची नाही."

खिळेकाकांच्या तोंडी हे वाक्य इतकं बसलं होतं, की ते शिंकले तरी मागोमाग तेच येईल, असं आम्ही म्हणायचो. एकोणतीस वर्षं त्यांनी एकाच छापखान्यात शिशाचे खिळे जुळवले. खणातून एकेक अक्षर उचलायचं, उलटं वाचायचं आणि ओळीत उभं करायचं. पुढे छापखाना बंद झाला, खिळे वितळवायला गेले, पण नाव चिकटलं ते चिकटलं. उजव्या हाताची दोन बोटं कायम चिमटीसारखी जवळ असत. चहाचा कप धरला तरी वाटे, हा माणूस कपातून एखादी वेलांटी उचलतोय.

आमच्या वाचक मंडळात त्यांचा मान सगळ्यांत मोठा होता. आम्ही सत्तावीस माणसं एका कादंबरीपायी एकत्र आलो होतो, 'बिनसावलीचं राज्य'. राजा प्रजेच्या सावल्या हिरावून घेतो आणि एक मुलगी तळं ओलांडून त्या परत आणायला निघते, एवढीच तिची गोष्ट. पण ज्याला ती लागली, त्याला ती जन्माची लागली. आणि अडतीस वर्षांपूर्वी ती कादंबरी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत खिळेकाकांनी एकट्याने जुळवली होती. लेखक तर पुस्तक निघाल्यावर पंधरा दिवसांतच गेले. मग उरलं कोण? मंडळाने दिलेलं मानपत्र काकूंनी बाहेरच्या खोलीत, दारातून शिरताच दिसेल असं लावलं होतं आणि दर आठवड्याला त्याची काच पुसली जायची.

आता त्या पानाविषयी सांगतो, कारण सगळं त्या पानापाशीच घडलं.

सातव्या प्रकरणाच्या शेवटी नावाडी मुलीला पैलतीरावर उतरवतो. मुलगी चालू लागते. लगेच पुढचं वाक्य येतं, 'सकाळी होडी रिकामी तरंगत होती.' संपलं प्रकरण. खाली निम्मं पान कोरं. नावाडी कुठे गेला, हे लेखकाने सांगितलेलं नाही. आम्ही म्हणायचो, त्याने आपली सावली मुलीला दिली आणि तो पाण्यात विरघळून गेला. त्या कोऱ्या पानाला आम्ही 'शांत पान' म्हणत असू. मंडळात नवा माणूस आला की त्याने त्या कोऱ्या जागेत पेन्सिलीने आपल्या मनातलं काही लिहायचं, अशी आमची रीतच होती. आमच्या घड्याळवाल्याने तिथे आपल्या गेलेल्या भावाचं नाव लिहिलं होतं. फक्त नाव. त्याविषयी त्याला कधी कुणी विचारलं नाही.

अशा कादंबरीवर सिनेमा आला.

रविवारी सकाळच्या खेळाला आम्ही दोन रांगा भरून बसलो. मंडळाची नोंदवही माझ्याकडे असायची, म्हणून चुका टिपण्याचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. घोडा पांढऱ्याऐवजी तपकिरी, लिहिलं. राजा फारच देखणा, लिहिलं. अंधारात वहीच्या दोन पानांवर अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढली. मग तळ्याचा प्रसंग आला. मुलगी किनाऱ्यावर उतरली. लांबून पहारेकऱ्यांच्या मशाली दिसल्या. नावाड्याने वल्हं टाकलं आणि तो लव्हाळ्यात घुसून पळत सुटला.

घड्याळवाला उभाच राहिला. "अरे, पळवला! नावाड्याला पळवला यांनी!"

"खाली बसा हो, डोकं मधे येतंय!" मागून कुणीतरी ओरडलं.

मी खिळेकाकांकडे पाहिलं. ते पडद्याकडे पाहत नव्हते. मांडीवरच्या आपल्या हाताकडे पाहत होते.

दुपारी वाचनालयाच्या माडीवर बैठक बसली. मधे लांब टेबल, भोवती सत्तावीस खुर्च्या, आणि एक जास्तीची. तिच्यावर लेखकाची लेक होती. परगावी परिचारिका म्हणून काम करणारी, पन्नाशीकडे झुकलेली बाई. मंडळाने तिला मानाने सभासद करून घेतलं होतं, पण तिला येणं कधी जमलं नव्हतं. आज पहिल्यांदा आली, ती जाब द्यायला. सिनेमावाल्यांना परवानगी तिने दिली होती.

दातांच्या डॉक्टरीणबाई आमच्या अध्यक्ष. त्यांनी सुरुवात केली, "नावाड्याला भित्रा करायची कल्पना कुणाची?"

"बाबांची," ती म्हणाली आणि कापडी पिशवीतून हस्तलिखित काढून तिने टेबलावर ठेवलं. "हे पाहा. सातव्या प्रकरणाचं शेवटचं पान. इथे आहे सगळं. सिनेमावाल्यांनी मूळ प्रत मागितली, मी दिली. मला वाटायचं, छापताना बाबांनीच या ओळी काढल्या असतील."

"अडतीस वर्षं कुठे होतं हे?" घड्याळवाला म्हणाला.

"आईच्या ट्रंकेत."

"आणि सिनेमाचा मुहूर्त आला तशी ट्रंकेला वाचा फुटली! ताई, शाई तरी जुनी वापरायची."

दोघंतिघं हसले. तिने हस्तलिखितावर हात ठेवला. "मी हे लिहिलं, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मी कशाला म्हणू? हातच्या काकणाला आरसा कशाला? पुस्तक समोर आहे."

डॉक्टरीणबाईंनी टेबलावर बोटं आपटली, पण त्यांचंही मत तेच होतं. निषेधाचा मजकूर आधीच तयार होता: हे पान बनावट आहे, लेखकाच्या लेखनाशी त्यांच्या मुलीने बेइमानी केली आहे, आणि मंडळ तिला सभासदत्वातून काढत आहे. कागद वर्तमानपत्राकडे जायचा होता. खाली सत्तावीस सह्यांची जागा.

"काका, पहिली सही तुमची," घड्याळवाला म्हणाला. "तुम्ही मूळ कागदावरून जुळवलंय. तुमच्या सहीपुढे कोर्टसुद्धा बोलणार नाही."

कागद सरकत सरकत काकांपुढे आला. त्यावर पेन ठेवलं गेलं. लेखकाची लेक काकांकडे पाहत होती. ती या माणसाला ओळखत नव्हती, पण आपल्या वडिलांचं नाव आणि आपलं नाव आता या दोन बोटांत आहे, एवढं तिला कळत होतं.

काकांनी पेन उचललं. टोपण काढलं. मग टोपण परत लावलं.

"डॉक्टरीणबाई," ते म्हणाले, "ते हस्तलिखित तुमच्याकडे घ्या. ते पान उघडा. मला दाखवू नका."

"कशाला?"

"घ्या तर खरं."

त्यांनी घेतलं. काकांनी डोळे मिटले. विहिरीत खोल घागर सोडावी तसा त्यांचा आवाज हळूहळू खाली गेला.

"'नावाड्याने मशाली पाहिल्या आणि त्याच्या हातातले वल्हे गळून पडले. मुलगी पुढे चालत होती. तिने मागे पाहिले असते तर तो थांबला असता. तिने पाहिले नाही.'"

डॉक्टरीणबाईंचं बोट कागदावरून सरकत होतं. त्यांनी मान वर केली नाही.

"'तो लव्हाळ्यात शिरला. गुडघाभर चिखलातून पळताना तो स्वतःला सांगत राहिला, की तिला आता माझी गरज नाही. पुढे तो म्हातारा होईपर्यंत जगला...'"

काका थांबले.

लेखकाच्या लेकीचे ओठ हलले, पण पुढचा शब्द आपण दिला तर सगळंच वाया जाईल, हे तिला उमगलं असावं. तिने पदराचं टोक तोंडात धरलं. घड्याळवाला पुढे वाकला. "काका, राहू द्या. काहीतरीच आठवतंय तुम्हाला."

तेवढ्यात काकांचा उजवा हात टेबलावर उठला. हवेतल्या खणांवरून फिरू लागला. डावीकडे वर, मग मधे, मग पार उजवीकडे. दोन बोटं जुळत होती, सुटत होती. डाव्या हाताचा अंगठा न दिसणाऱ्या ओळीला आधार देत होता. तोंडाला जे सापडत नव्हतं, ते हाताने शोधून काढलं.

"'त्याला कोणी भित्रा म्हटले नाही,'" काका म्हणाले, "'कारण कोणी विचारलेच नाही.'"

डॉक्टरीणबाईंनी कागद खाली ठेवला. "शब्दाला शब्द," त्या म्हणाल्या. "अकरा ओळी."

"या दोघांचं आधीच ठरलं असेल," कोपऱ्यातून कुणीतरी पुटपुटलं.

"मी यांना आज पहिल्यांदा बघतेय," लेक म्हणाली.

"खरंय," काका म्हणाले. "ते पान जुळवून, सुतळीने बांधून छपाईच्या यंत्राकडे नेत होतो. भर दुपार होती. सुतळी सुटली आणि खालच्या ओळी फरशीवर सांडल्या. मूळ कागद, तपासलेलं प्रूफ, सगळं मालकाच्या खोलीत होतं, वीस पावलांवर. पण ते मागायचं म्हणजे सांडलं हे सांगायचं. आदल्याच आठवड्यात मालकाने असंच पान सांडलं म्हणून एकाला घरी बसवलं होतं. यंत्रवाला हाका मारत होता. शेवटचं, होडीचं वाक्य तेवढं शाबूत होतं. ते मी वर सरकवलं. ओळीला ओळ बसली. कुणाला कळलं नाही. पुढच्या सगळ्या आवृत्त्या त्याच पुस्तकावरून निघाल्या."

"आणि लेखक?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"ते अंथरुणावर होते. पुस्तक त्यांच्या हातात पडलं. ते पान त्यांनी पाहिलं की नाही, मला माहीत नाही. मी भेटायला गेलो नाही."

घड्याळवाल्याचा आवाज चिरकला. "मग इतकी वर्षं आम्ही जे त्या जागेत लिहीत आलो, ते काय होतं? बोला ना! तुमच्यासमोर लिहिलंय मी. पेन्सिल तुम्ही दिली होती मला!"

"दिली होती," काका म्हणाले.

"म्हणजे सिनेमाच बरोबर?" एकाने विचारलं.

"तरी कोरंच पान जास्त चांगलं होतं," दुसरा म्हणाला.

काका लेखकाच्या लेकीसमोर जाऊन उभे राहिले. हात जोडले नाहीत, क्षमा हा शब्दही काढला नाही. एवढंच म्हणाले, "बाई, तुमच्या वडिलांनी चांगलं लिहिलं होतं." मग सह्यांचा कागद उचलला, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला. तो मागायची कुणाची छाती झाली नाही.

"बसा ना, काका. पाणी घ्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"नको. घरी सांगायला हवं. दुसऱ्या कुणी सांगायच्या आत."

ते जिन्याकडे वळले, तसं सगळं मंडळ टेबलावर कोसळलं. ज्या अकरा ओळी अडतीस वर्षं मंडळात कुणी वाचल्या नव्हत्या, त्या वाचायला माणसं एकमेकांच्या खांद्यांवरून वाकली. कुणाचा चष्मा पडला. "मोठ्याने वाचा, मोठ्याने!" असा गलका झाला. वही तशीच टाकून मीही त्यांतलाच एक झालो. घड्याळवाला तेवढा खुर्चीत बसून राहिला, दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबून.

मान वर केली तेव्हा लेखकाची लेक खिडकीशी होती. तिला त्या ओळी पाठ होत्या, तिला काही वाचायचं नव्हतं. मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. खाली उन्हातून काका चालले होते. सायकलींच्या दुकानावरून, बंद गोदामावरून, न थांबता, दोन्ही हात मागे बांधून. मी हाक मारायला तोंड उघडलं, तर तिने न वळताच हाताने मला गप्प केलं.

ते वळणाआड गेले, तरी ती तिथेच पाहत राहिली.