चंद्राबाईचे अकरा आठवडे

शहापूर तालुक्यात शेणव्याच्या पुढे रस्त्याला लागून गवताची वखार होती. दिवाळीनंतर माळावरचं गवत कापून तिथे यायचं. ते पेटीत भरायचं, दांडा फिरवून दाबायचं, तारेने बांधून गाठ करायची. गाठी मुंबईच्या तबेल्यांना जायच्या. मी बावीस हंगाम दांड्यावर होतो. दांड्याला चार माणसं लागतात. एकजण नुसता हात ठेवून चालला तर बाकीच्या तिघांना लगेच कळतं.

पेटी भरायचं काम चंद्राबाईचं. बौद्धवाडीतली बाई, तेव्हा चाळिशीची, नवरा वारलेला, घरी एक मुलगी. पेटी भरणं सोपं दिसतं, पण सोपं नाही. थरावर थर घालायचा, आधी चारी कोपरे भरायचे, मग मध्य. कोपरा पोकळ राहिला की गाठ ट्रकमध्येच फुटते. चंद्राबाईने भरलेली गाठ फुटलेली मी पाहिली नाही.

शहाण्णव साली तिची बोटं सुजली. हंगाम सुरू झाला तेव्हा सकाळी नऊपर्यंत मूठ वळत नव्हती. मग डोळे बिघडले. दुपारपर्यंत लाल व्हायचे, आत वाळू गेल्यासारखे खुपायचे, पण डोळ्यांना पाणी म्हणून येत नसे. तिने त्यावर एक रीत काढली. दहा कवळे गवत पेटीत टाकलं की डोळे मिटायचे, दहापर्यंत मोजायचं, उघडायचे. कमरेला ओलं फडकं असे, ते मधून मधून पापण्यांवर दाबायचं. त्याने काम कमी झालं नाही. आधी दिवसाला चाळीस गाठी होत, नंतरही चाळीसच झाल्या. त्या मी मोजल्या आहेत.

मुकादम देवराम. त्याने तिला एकदा डोळे मिटलेलं पाहिलं.

"ए चंद्रे, कामावर झोपतेस काय गो?"

"झोपले असते तर तुमच्यासारखी घोरले असते, मुकादम."

सगळे हसले. देवराम हसला नाही.

संक्रांत झाली आणि एक दिवस त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, "हिचे डोळे आलेत. सगळ्यांना लावील. आजपासून माठाला हात लावायचा नाय. हिचं मडकं बाहेर, आंब्याखाली." तिला त्याने मागच्या अंगणात गवत झाडायला लावलं. काटे आणि माती झाडून काढायची. वखारीत सगळ्यात जास्त धूळ तिथेच. पेटीवर आली धोंडीबाई, देवरामची भावजय. बाई वाईट नव्हती, पण कोपरे भरत नव्हती. त्या आठवड्यात तीन गाठी फुटल्या.

गवतात काम करणाऱ्या सगळ्यांचे डोळे लाल असतात. माझेही होते. मला कोणी वेगळं मडकं दिलं नाही. बौद्धवाडीची ती एकटीच होती. हे सगळ्यांना कळत होतं. मलाही कळत होतं. मी माठातलं पाणी पीत राहिलो.

ती शहापूरला सरकारी दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरबाईंनी हात पाहिले, डोळे पाहिले, सुया टोचून रक्त काढलं. दुसऱ्या खेपेला सांगितलं, हे डोळे येणं नाही. सांध्यांना आतून जी सूज आहे तिनेच डोळ्यांतलं पाणी आटलं आहे. हे कोणाला लागत नाही. पुरतं बरंही होत नाही, सांभाळून राहायचं. गोळ्या दिल्या, डोळ्यांत घालायचे थेंब दिले आणि एवढं सगळं लिहून चिठ्ठी दिली.

चिठ्ठी तिने देवरामला दिली. देवराम सातवी शिकलेला. त्याने ती नीट वाचली, घडी केली, खिशात घातली.

"शेटला दाखवतो."

शेट दर गुरुवारी यायचा. दोन गुरुवार गेले. तिने विचारलं.

"कुठली चिठ्ठी गो?" देवराम म्हणाला.

ती पुन्हा शहापूरला गेली. डॉक्टरबाईंनी तेच पुन्हा लिहून दिलं. एव्हाना चार आठवडे झाले होते. मला वाटलं, या गुरुवारी ती चिठ्ठी शेटच्या हातात देणार. शेट आला, मागच्या अंगणापर्यंत फिरून गेला. तिने मान वर केली नाही. जेवणाच्या सुट्टीत मी तिच्याकडे गेलो.

"दिली का नाय?"

"नाय."

"का गो?"

"आज दिली तर शेट म्हणल, देवराम, हिची जागा हिला दे. देवराम म्हणल, बरं. माझं काम झालं, जयरामदादा. त्याला काय झालं?"

"मग कधी देशील?"

"तो वाकल तेव्हा."

मला ते पटलं नाही. जागा एका कागदावर परत मिळत होती आणि ही आपल्याच डोळ्यांत धूळ घालून घेत होती. तसं मी तिला बोललो. ती म्हणाली, "डोळे माझे हायेत."

पुढचे सात आठवडे तिने तसेच काढले. लुगड्याचा ओला पदर तोंडावरून घ्यायची आणि डोळे मिटूनच गवत झाडायची. काटा हाताला लागला की काढून टाकायचा. सुजलेली बोटं काट्यांनी भरली. सकाळी पापण्या चिकटलेल्या असत, मुलगी कोमट पाण्याने सोडवून द्यायची. एकदा ती पापण्यांवर फडकं दाबून काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं, दुखण्याला नावं ठेवते आहे. जवळ गेलो तर देवरामला शिव्या देत होती. अगदी सावकाश, एकेक करून.

शिमगा होऊन गेला आणि आसपासच्या पाड्यांत डोळ्यांची साथ आली. एका बुधवारी देवराम काळा चष्मा लावून आला. गुरुवारी शेट आला तेव्हा देवराम माठापाशी उभा होता, हातात ओगराळं. चंद्राबाई मागून आली ती सरळ त्याच्यासमोर.

"मुकादम, चष्मा काढा."

"जा गो, काम कर."

"शेट, त्यांना चष्मा काढायला सांगा."

शेटने सांगितलं. देवरामने चष्मा काढला. डोळे सुजून बारीक झाले होते, कडेला पिवळी घाण. शेटने नाकाला रुमाल लावला. डोळ्यांची साथ नाकातून येत नाही, पण लावला.

"डोळे आलेल्यानं माठाला हात लावायचा नाय, बाहेर बसायचं," चंद्राबाई म्हणाली. "मुकादमांचाच नियम हाय. मी अकरा आठवडे पाळला."

"अकरा आठवडे?" शेट म्हणाला. "अकरा आठवडे कुणाचे डोळे येतात?"

"कुणाचेच नाय," ती म्हणाली आणि चिठ्ठी त्याच्या हातात दिली.

शेटने वाचली. "ही आधी का नाही दाखवलीस?"

"पहिली मुकादमांच्या खिशात गेली."

देवराम काही बोलणार तेवढ्यात धोंडीबाई पेटीवरून ओरडली, "भावोजी, आता त्या माठातलं मी नाय पिणार हां!" दांड्यावरचे आम्ही चौघे हसलो. शेटने माठ ओतून घासायला लावला, चंद्राबाईला पेटीवर पाठवलं आणि देवरामला आंब्याखाली बसवलं.

चैत्रातलं ऊन. दुपारी देवरामला तहान लागली. आत यायची सोय नव्हती. बाहेर पाणी होतं ते तिच्या मडक्यात. मडक्याला तो हात लावणार इतक्यात चंद्राबाई पेटीवरून उतरून गेली.

"हात लावू नका. माझे डोळे आधीच अधू हायेत, त्यांना तुमचं लागायचं. खाली बसा. ओंजळ करा."

देवराम बसला. तिने तांब्या भरला, हात खांद्याइतका वर नेला आणि ओतलं. आमच्या अंगणाच्या कडेला माझी आई चंद्राबाईच्या आजीला असंच वरून पाणी ओतायची. मी लहान होतो, पण मला आठवतं. आम्ही चौघे दांडा धरून उभे होतो. कोणी जोर लावला नाही.

"हळू ओत गो. अंगावर उडतंय."

"उडतंच, मुकादम. सवय होते."

मग ती परत येऊन पेटीवर चढली. काट्यांनी फाटलेली बोटं, पण त्या दिवशी एकही कोपरा पोकळ राहिला नाही. देवरामचे डोळे निवळेपर्यंत ती दिवसातून तीनदा उतरायची आणि त्याला पाणी ओतायची. दुसऱ्या कोणाला ओतू दिलं नाही.

पेटीवरून तिला नंतर कोणी हलवलं नाही. दोन हजार पाचपर्यंत तिने पेटी भरली. मग मूठ दिवसभर वळेना, तेव्हा तिने स्वतःच काम सोडलं.

दोन वर्षांनी मी तिच्याकडे गेलो. दुपारची वेळ. ओटीवर डोळ्यांवर ओलं फडकं घेऊन पडली होती. आवाजावरून तिने मला ओळखलं. बोलता बोलता वखारीचा विषय निघाला.

"काही म्हण चंद्राबाई, देवरामचं उट्टं तू पुरतं काढलंस."

"कुठलं पुरतं?" ती फडकं न काढताच म्हणाली. "नऊ दिवसांत बरे झाले त्याचे डोळे. नऊच दिवस."