औषधांची थंड खोली

उन्हात तापलेल्या पुठ्ठ्याचा वास आला की मला पळस्प्याजवळचं गोदाम आठवतं. मी तिथे पॅकिंगला होते. डोक्यावर तापलेले पत्रे आणि एसी फक्त औषधांच्या खोलीत. एका दुपारी माझ्या शेजारी काम करणारी गव्हाण गावची बाई खोकं बांधता बांधता कोसळली. आम्ही तिला उचलून त्या थंड खोलीत नेलं, तर सुपरवायझर ओरडत आला, "बाहेर काढा तिला, माल खराब होईल!" मी वैतागून विचारलं, "आणि ही मेली तर?" शुद्धीवर येताच ती म्हणाली, "आता आमी नाय जानार भायेर." मग आम्ही सगळ्याच तिथे बसून राहिलो. संध्याकाळी पॅकिंगच्या जागी पंखे आले. परवा ती भेटली, अजून तिथेच कामाला आहे. म्हणाली, "पंखे हायत गो, पन आता गरम हवाच फिरवतान."